एका प्लेटचा फोटो म्हणजे जेवण नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरतोय. परातीएवढी पांढरी प्लेट, मधोमध लिंबाएवढा पदार्थ, कडेला सॉसचे तीन थेंब. खाली मजकूर: 'फ्रेंच फाइन डाइनिंग म्हणजे दोन घास आणि नुसता दिखावा. पोट उपाशी, खिसा रिकामा. शाकाहाऱ्यांनी तर जाऊच नये.' आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला, आणि या वेळी मला गप्प बसवेना.

दोन घास हे त्या प्लेटपुरतं खरं. पण टेस्टिंग मेन्यूत अशा सात-आठ, कुठे दहा-बारा प्लेटा एकामागून एक येतात. शिवाय पाव-बटर, चीज, गोड, आणि कॉफीबरोबर पुन्हा गोडाचे तुकडे. पानात डावीकडे वाढलेल्या मीठ-लिंबाचा फोटो काढून 'मराठी जेवण एवढंच' म्हणावं, तसं हे झालं.

खिसा रिकामा होतो, हे मान्य. पॅरिसमध्ये मिशेलिनच्या तीन ताऱ्यांच्या ठिकाणी (मिशेलिन म्हणजे रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देणारं फ्रेंच गाइड) रात्रीचं जेवण माणशी काही शे युरोंचं असतं. दुपारचा मेन्यू बऱ्याच ठिकाणी पुष्कळ स्वस्त पडतो, आणि फ्रान्समध्ये सर्व्हिस चार्ज छापील दरातच धरलेला असतो.

'दिखावा' हा शब्द मात्र मला लागला. जोएल रोबुशों या शेफचं नाव जगभर झालं ते बटाट्याच्या प्युरेमुळे, म्हणजे मऊसूत घोटलेल्या बटाट्यामुळे. 'रात' जातीचे छोटे बटाटे सालासकट उकडायचे. हात पोळत असतानाच सोलायचे. मग आपल्या पुरणयंत्रासारख्याच यंत्रातून काढायचे, आचेवर ढवळत त्यातलं पाणी आटवायचं, किलोला २५० ग्रॅम गार बटर तुकड्या-तुकड्याने घोटायचं आणि शेवटी गरम दूध बारीक धारेने घालायचं. ज्या घरात होळीला पुरण होतं, तिथे यातले कष्ट समजावून सांगावे लागणार नाहीत. यात सजावट कुठे आहे? मिशेलिनचे तारेसुद्धा फक्त पदार्थांवर मिळतात. झुंबरं आणि काटे-चमचे त्यात धरत नाहीत.

राहिले शाकाहारी. शेफ आलें पासार यांच्या पॅरिसमधल्या 'लार्पेज' या रेस्टॉरंटला १९९६ मध्ये तीन तारे मिळाले. २००१ मध्ये त्यांनी मेन्यूतून तांबडं मांस काढून भाज्या मध्यभागी आणल्या, तरी तिन्ही तारे टिकले. भाज्या पिकवायला स्वतःचे मळे घेतले. अख्खं बीट जाड करड्या मिठाच्या ढिगात पुरून भाजायचं आणि कवच फोडून वाढायचं, हा त्यांचा गाजलेला पदार्थ. २०२५ मध्ये तर मध सोडला तर सगळा मेन्यू वनस्पतिजन्य झाला, दूध-बटरही गेलं.

इतर ठिकाणी मात्र बुकिंग करतानाच नीट सांगा. 'मांस-मासे खात नाही' एवढ्याने भागत नाही. सॉस हाडांच्या स्टॉकवर, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या अर्कावर, केलेला असू शकतो, गोडात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असू शकतं, आणि फ्रेंच चीजमध्ये बहुधा दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. हे तिन्ही शब्द नाव घेऊन कळवा.