अर्धवट स्वेटरांची निगा कशी राखावी

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून ती पिशवी खाली उतरते. कुठल्याशा साडीच्या दुकानाची, एक बंद तुटलेली. आत सात अर्धे स्वेटर. घरातलं कुणी म्हणेल, चला, साडेतीन तर झाले! हसून सोडून द्यावं.

घाबरून लगेच एखादा पुरा करायला घेऊ नका. अशा घाईनेच लोकांच्या पिशव्या रिकाम्या होतात आणि मग 'सध्या काय विणतेस?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. पिशवी भरलेली असली की बरं असतं. 'आहेत हो हातात चार-पाच कामं.'

त्यापेक्षा एखादा तुकडा नुसता हातात घेऊन बसा. माझ्याकडचा सांगते. गडद निळी पाठ, मुंढ्यापर्यंत आलेली, 8 नंबरच्या सुईवर 110 टाके. टाके गळू नयेत म्हणून टोकाला लावलेलं रबर वितळून सुईलाच चिकटलंय. सोबत बसचं तिकीट, मागे पेन्सिलीने लिहिलेलं : '34 झाल्या. पुढे तसंच.' कसं, ते देव जाणे. पण तिकीट पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसचं आहे, आणि पीएमटीची पीएमपीएमएल झाली 2007 साली. पुरातत्त्ववाले नाण्यांवरून काळ ठरवतात, आपण तिकिटावरून. पाठ तेव्हाच्या ह्यांच्या मापाची आहे. त्यानंतर ह्यांनी सर्व बाजूंनी प्रगती केली.

तरी पुढे विणायचा मोह होतोच. विणा. इतक्या वर्षांत हात बदललेला असतो. तेव्हा सासूबाई समोर बसायच्या, टाके घट्ट पडायचे. आता सैल पडतात. जिथे थांबला होतात तिथे पुराच्या पाण्याची भिंतीवर उठते तशी आडवी रेघ उठेल. लोकर कमी पडली तर दुकानात तोच रंग मिळेल, लॉट वेगळा. ट्यूबलाइटखाली निळा तो निळाच दिसतो. घरी येऊन उन्हात धरलात की बाह्या शेजारणीच्या स्वेटरच्या वाटतात.

बाळंतविड्याचं आणखी वेगळं. कुंची झाली, टोपडं झालं, मोजा झाला. एक. दुसरा मोजा हा विणकामातला सर्वांत अवघड प्रकार आहे. टाके तेवढेच, नमुना तोच, फक्त हौस पहिल्यात संपलेली. ज्या बाळासाठी घेतला होता ते यंदा बारावीला आहे. वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या बाळाला होईल.

'मग उसवून टाक की!' असं सुचवणारी एक जाऊबाई प्रत्येक घरात असते. त्यांना सांगा, उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी निघते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, कोमट पाण्यात भिजवा, सरळ व्हायला खाली वजन टांगून वाळवा. एवढं सगळं केलं तर ते काम पूर्ण होईल, आणि ती सवय आपल्याला लावून घ्यायची नाही. कसर लागून आपोआप निकाल लागेल ही आशाही सोडा. कसर खऱ्या लोकरीला लागते. आपण घेतो ती बहुतेक अॅक्रिलिक, तिला कसरसुद्धा तोंड लावत नाही.

तेव्हा पिशवीला गाठ मारून माळ्यावर चढवा आणि सरळ तुळशीबाग गाठा. घरात सुयांचे सात जोड असतात, पण सातही कुठल्या ना कुठल्या स्वेटरात अडकलेले, म्हणून नवा जोड घ्यावाच लागतो. परवा मीही गेले. पिस्ता रंग, 50 ग्रॅमचे दहा गुंडे, सगळे एकाच लॉटचे. अनुभवाने माणूस शहाणा होतो. घरी येऊन टेप काढली आणि ह्यांना म्हटलं, जरा उभे राहा, छातीचं माप घेते.

हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आत्ताचं देऊ, की स्वेटर होईल तेव्हाचं?"