माशाची बडदास्त

इंग्लंड आणि वेल्समध्ये १५ मार्च ते १५ जून नदीत गळ टाकायला बंदी असते. मासे विणीच्या गडबडीत असतात, त्यांना उपद्रव नको म्हणून. हा नियम मला कुणाला समजावून सांगावा लागला नाही. माझं लहानपण मालवणच्या बाजूचं. १ जूनला यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागणार, ३१ जुलैपर्यंत हलणार नाहीत, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, हे आमच्याकडे बाराखडीच्या आधी कळतं. फरक एवढाच की बंदीच्या दिवसांत आमची माणसं सुकटीवर भागवतात आणि घरी बसून जाळी दुरुस्त करतात. इथली माणसं उठून तळ्यावर जातात.

कारण तळ्यांना ही बंदी नाही. पूर्वी होती, १९९५ साली बहुतेक तळ्यांवरची उठवली. तेव्हापासून नदीकाठचा सगळा रिकामा पुरुषवर्ग मार्चच्या मध्यावर छत्र्या, खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन तळ्यांकडे सरकतो. आमच्या रेडिंगच्या आसपास तळ्यांना तोटा नाही. टेम्स आणि केनेट नद्यांच्या खोऱ्यात रस्त्यांसाठी, घरांसाठी वाळू-खडी उपसली, खड्डे उरले, खड्ड्यांत पाणी भरलं, पाण्यात मासे सोडले आणि काठावर तिकीट लावलं. खड्ड्यांतून उत्पन्न काढायची ही विद्या आपल्याकडे कुणी मनावर घेतली तर कुठल्याच नगरपालिकेला कर वाढवावा लागणार नाही.

मी या भानगडीत पडलो तो शेजाऱ्यांमुळे. पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अतिशय सज्जन गृहस्थ. आमच्या घरात त्यांना गळकाका म्हणतात. हा मुलगा मासेमारीच्या गावचा, एवढं त्यांच्या कानावर गेलं आणि मी इथे गळावाचून तळमळत असणार असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. गरवायला आम्हीही जायचो. दोरी, गरी, खडकावरून खरवडलेली कालवं आणि भिजली तरी चालेल अशी चड्डी, एवढं साहित्य. कालवणापुरतं मिळालं की घरी. हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ते फार आपुलकीने ऐकलं. इंग्रज माणूस तुमचं बोलणं कधी खोडून काढत नाही. फक्त शनिवारी पहाटे साडेचारला दारात उभा राहतो.

आधी कागदपत्रं. तेरा वर्षांच्या आणि त्यावरच्या कुणालाही गळ टाकायचा तर सरकारी परवाना लागतो. तो नसताना सापडलात तर २,५०० पौंडांपर्यंत दंड. परवाना खिशात आला म्हणजे तळ्यावर बसता येतं असंही नाही. तिथलं दिवसाचं तिकीट वेगळं. आणि इतकं सगळं भरून मासा मिळालाच, तर तो तळेवाल्याचा. पिशवीत घालून निघालात की चोर. म्हणजे परवाना सरकारचा, तिकीट मालकाचं, मासा मालकाचा. सर्दी तेवढी आपली.

मग अळ्या. गळाच्या दुकानात त्या जिवंत मिळतात. बियर ज्या मापाने मिळते त्याच मापाने, पाइंटवर. पांढऱ्या घ्या, लाल रंगवलेल्या घ्या, मिसळ घ्या. दुकानदार भुशासकट डब्यात ओतून देतो आणि फ्रिजमध्ये ठेवा म्हणतो, कारण थंडीत त्या निपचित राहतात. उबेत ठेवल्या तर कोश करतात आणि पुढे निळ्या माश्या होऊन उडतात. आता अळी कोरडी असली की प्लॅस्टिकच्या डब्याच्या भिंतीवरून घसरते, पण अंग ओलं झालं की सरळ वर चढते. ही शास्त्रीय माहिती आमच्या घरात गुढीपाडव्याच्या सकाळी पोचली. फ्रिजमध्ये डब्याला पाणी सुटलं होतं.

“अहो,” आतून हाक आली, “कोथिंबिरीच्या शेजारी हे काय ठेवलंय?”

“आमिष आहे.”

“कुणाला?”

एक लाल अळी श्रीखंडाच्या भांड्याच्या काठावरून प्रदक्षिणा घालत होती. श्रीखंडात केशर होतं. त्यामुळे पुढची चौकशी काडी-काडी तपासून, चष्मा लावून झाली. त्याच दुपारी अळ्यांचं बिऱ्हाड गळकाकांच्या शेडमध्ये गेलं आणि श्रीखंड शेजारच्यांना. त्यांना ते फार आवडलं.

इंग्लंडातल्या वसंताबद्दल कविता पुष्कळ आहेत. त्या लिहिणाऱ्यांपैकी पहाटे पाचला तळ्याकाठी बसलेले किती, हा संशोधनाचा विषय आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणजे साडेचार वाजता खरं तर साडेतीनच वाजलेले असतात. गवतावर हिम. झुडपांवर पांढरा फुलोरा दिसतो, तोही थिजून फुललेला. गळकाका मात्र खुशीत. त्यांचं सगळं लक्ष वाऱ्यावर. पूर्वेचा वारा असला की मासा तोंड उघडत नाही, ही इथली जुनी समजूत. नैर्ऋत्येचा उबदार वारा सुटला तर उत्तम. असा वारा वरचं कोमट पाणी ढकलत ढकलत ज्या काठाला नेतो, तिकडेच मासे जमतात. आपण कुठे बसायचं? अर्थात त्याच काठावर, वारा थेट तोंडावर घेत. मागच्या बाजूला झाडांच्या आडोशाला कोवळं ऊन पडलेलं असतं, एक छान बाकडंही असतं. तिथे मासे नसतात, असं गळकाका सांगतात. समोर तरी कुठे दिसतायत, असं विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

आमच्या शेजारच्या जागेवर नेहमी एक तरुण असतो. त्याचा तंबू, तंबूत पलंग, पलंगावर तो. बाहेर तीन काठ्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीखाली एक यंत्र. मासा लागला की यंत्र किंचाळतं आणि हा मोजे घालून धावत सुटतो. गळकाकांना हे पसंत नाही. त्यांचा विश्वास मोरपिसाच्या देठाच्या फ्लोटवर. पाण्यावर त्याचं लाल टोक तेवढं वर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं. किती वेळ? मी तो प्रश्नही सोडून दिलाय.

अळी गळाला लावणं हे मात्र बघण्यासारखं काम. अळीचं एक टोक निमुळतं, एक बोथट. बोथट टोकावर दोन काळपट ठिपके असतात. कुणालाही वाटावं डोळे आहेत आणि ती आपल्याकडे बघतेय. ती तिची मागची बाजू. त्या ठिपक्यांतून ती श्वास घेते. तिथल्याच कातडीच्या कडेतून गळाचं टोक अलगद काढायचं, असं की अळी फुटता कामा नये, वळवळत राहिली पाहिजे. बोटं गारठून बधिर झालेली. गळाला उलटा काटा नसतो, कारण माशाच्या तोंडाला इजा होते. बहुतेक तळ्यांवर तसा नियमच आहे. पूर्वी दोरीला शिशाचे मणी लावत. राजहंस ते गिळून मरायला लागले तेव्हा १९८७ साली लहान आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. माशाची काळजी झाली, हंसाची झाली. काठावर कुडकुडणाऱ्या माणसासाठी अजून कुठलंही कलम निघालेलं नाही.

एप्रिल असाच गेला. हाताएवढे रोच लागले, एखादा पर्च. दोन्ही सभ्य, चकचकीत, आणि तव्यात घालायच्या मापाचे. मी तसं बोलून दाखवलं तर गळकाका दुसरीकडे बघायला लागले, आपण एखाद्याच्या मुलाबद्दल वावगं बोललो तर तो बघेल तसे.

मे उजाडला आणि त्यांनी दप्तरातून डुकराच्या मांसाचा डबा काढला. सँडविचमध्ये घालतात तेच डबाबंद मांस. त्याचे चौकोनी तुकडे केले आणि त्यावर करी पावडर चोळायला लागले. इथले जुनेजाणते गळवाले हे सर्रास करतात म्हणे. मसाल्याचा वास कार्पला ओढून आणतो. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या भावकीतला. मालवणात गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायचीच पद्धत नाही, पण ते असो. मी त्या करी पावडरीचा वास घेतला. खरं सांगायचं तर तिला वासच नव्हता. पिवळी माती. आणि माझ्यातला कोकणी माणूस नको तिथे जागा झाला.

आमची आई दर वैशाखात मसाला करते. बेडगी आणि संकेश्वरी मिरची अंगणात कडक वाळवायची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर एकेक करून वेगळं भाजायचं, मग डंखावर नेऊन समोर उभं राहून कुटून घ्यायचं. माझा वाटा वर्तमानपत्र, पिशवी, पुन्हा पिशवी आणि वर तिची एक जुनी साडी अशा वेष्टनातून विमानाने येतो. तो आम्ही चमच्याने मोजून वापरतो. त्यातला मी वाटीभर गळकाकांना दिला. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

त्या शनिवारी साडेसातच्या सुमारास लाल टोक एकदा थरथरलं, तिरकं झालं आणि गेलं. मग जे झालं त्यात गळकाका तीन वेगवेगळ्या सूचना एकाच वेळी देत होते आणि माझा एक बूट चिखलात राहिला. मासा आला तो साडेअकरा पौंडांचा. सोनेरी, पंज्याएवढी शेपटी, ओठांपाशी मिशा, आणि आमच्या मसाल्याचा वास मारणारं तोंड.

पुढची बडदास्त जावयाच्या वरताण. आधी गवतावर गादी पसरली. होय, गादी, माशाची. खवले दुखावू नयेत म्हणून तिच्यावर तळ्याचं पाणी शिंपडलं. मला हात ओले करायला लावले, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. गळ काढला, ओठाला जिथे टोचलं होतं तिथे छोट्या बाटलीतलं जंतुनाशक लावलं. ओल्या झोळीत घालून वजन. मग गादीवर गुडघे टेकून फोटो. मासा हातभर पुढे धरायचा, म्हणजे मोठा दिसतो. माझा अंगठा गळाने फाटून रक्त येत होतं. मी त्या बाटलीकडे पाहिलं. “ती माशांसाठी आहे,” गळकाका म्हणाले, आणि त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, तो आपण होऊन निघेपर्यंत.

हे काही त्यांचं एकट्याचं वेड नाही. या देशात मोठ्या कार्पना नावं असतात. १९५२ साली रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा एक मिळाला, त्या वेळचा विक्रम. त्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेलं, तिथे तो क्लॅरिसा या नावाने पुढे कित्येक वर्षं जगला. बेन्सन नावाची एक मादी होती, ६४ पौंडांची. लोकांनी तिला साठाहून जास्त वेळा पकडलं आणि तितक्याच वेळा सोडलं. पाठीवरच्या पराला भोक होतं, सिगरेटचा चटका बसल्यासारखं, म्हणून सिगरेटवरून नाव. ती २००९ साली वारली तेव्हा राष्ट्रीय वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. आमच्याकडे ६४ पौंडांच्या माशाची बातमी फार तर वाडीभर होते, आणि संध्याकाळपर्यंत पुरावा उरत नाही.

फोटो आईला पाठवला. लगेच फोन.

“चांगलो मोठो आसा रे! कापलंस कसो? तुकडे किती झाले?”

“सोडला, आई.”

पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज.

“हातात इल्लो मासो सोडलंस? तुका खूळ लागला काय?”

मी नियम सांगितले, परवाना सांगितला, गादी सांगितली. गादीपाशी तिने बाबांना हाक मारून फोन स्पीकरवर ठेवला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मसाल्याचं सांगायचं नव्हतं. पण बायको शेजारीच बसली होती, तिने सांगितलं.

आई रागावेल असं वाटलं होतं. ती गप्प झाली, आणि मग स्वयंपाकघरातल्या आवाजात म्हणाली, “खाल्ल्यान काय त्याने?”

“खाल्ला म्हणून तर लागला.”

“मगे!” आवाजात अभिमान होता. “पण नुसतो मसालो घालून काय उपयोग? तिरफळां घालूक सांग त्यांका. तिरफळाशिवाय माशाक चव येणा नाय.” कोण कुणाला खातंय हा तपशील तिच्या लेखी आता किरकोळ होता.

दरम्यान हवा खरोखर माणसात आली. स्वेटर निघाले, तळ्याचं पाणी १८-२० अंशांच्या घरात गेलं, आणि नेमके त्याच पाण्यात कार्प विणायला लागतात म्हणून मालकाने तळं बंद केलं. नदी आधीच बंद. बाहेर बसण्यासारखे ते एवढेच दिवस, आणि गळकाका आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेले. करायला काही नाही म्हणून मी त्यांना आईचा निरोप दिला. त्यांनी खिशातून माशांची वही काढली. त्यात वारा, तापमान, आमिष सगळं तारखेवार असतं. मला अक्षरं विचारून ‘तिरफळ’ हा शब्द नीट उतरवून घेतला आणि पेन्सिल तशीच धरून विचारलं,

“अख्खं की ठेचून?”

बायकोने मसाल्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.