मेलेल्याला एस्तार

स्पॅनिशमध्ये ‘आहे’ म्हणायला दोन क्रियापदं आहेत: सेर आणि एस्तार. नवख्याला सांगतात, कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मी उंच आहे, सेर. मी दमलोय, एस्तार. इथवर भाषा सज्जन वाटते.

मग कोणीतरी मरतो, आणि त्याला एस्तार लागतं. एस्ता मुएर्तो! मरणाहून कायमचं अजून काय हवं? उलट बघता बघता ओसरणाऱ्या तारुण्याला मात्र सेर. माद्रिद स्पेनमध्ये आहे, याला एस्तार. जणू उद्या बिऱ्हाड उचलून पोर्तुगालला जाणार आहे. आणि रात्रीत आटोपणारी पार्टी कुठे आहे हे सांगायचं, तर सेर! जाणकार म्हणतात, मरण ही बदल होऊन आलेली अवस्था, म्हणून एस्तार. पटतं. पण एस्तारचं लॅटिन मूळ ‘उभं राहणं’ असं आहे, म्हणजे व्याकरणाच्या लेखी तो बिचारा अजून उभाच.

मराठीचा आधार घ्यावा, तर ‘बर्फ थंड असतो’ला सेर आणि ‘पाणी थंड आहे’ला एस्तार छान बसतं. मी खूश होतो, तेवढ्यात ‘तो शहाणा आहे’ येतं आणि सेर मागतं.

खरी भीती विशेषणांची. मला कंटाळा आलाय हे एस्तारने सांगायचं. सेर वापरलं की मीच कंटाळवाणा ठरतो. कोणाच्या चांगुलपणाचं कौतुक एस्तारने केलं, तर ऐकणाऱ्याला ते त्याच्या रूपाचं वाटू शकतं. म्हणून मी बोलताना क्रियापदापाशी थांबतो. समोरच्याला वाटतं, फार विचारी माणूस आहे.

मागणं आणि विचारणं यांना पेदीर, प्रेगुंतार अशी वेगळी क्रियापदं आहेत. तिथे इंग्रजीवाले अडखळतात, आपण नाही. माहीत असणं साबेर, ओळखणं कोनोसेर, हेही सोपं. फक्त साबेरचा अर्थ ‘चव लागणं’ असाही होतो. साबे आ आहो, म्हणजे लसणाची चव लागते. आहो म्हणजे लसूण. नवऱ्याचा संबंध नाही.

एवढं सोवळं पाळणारी ही भाषा साध्या भूतकाळात मात्र सेर आणि ‘जाणं’ या दोघांना एकच रूप देते. मी होतो, फुई. मी गेलो, फुई. हल्ली मी शक्यतो भूतकाळातच बोलतो.