"साप चावला तर दोन तास घरी थांबा" हा मेसेज पुढे पाठवू नका

मोठेबाबांनी सकाळी एक मेसेज वाचून दाखवला आणि म्हणाले, "पटते बा हे." नागपूरच्या सरकारी दवाखान्यांतल्या कॅज्युअल्टीची गर्दी कमी करायचे उपाय आहेत त्यात. म्हणे खेड्यातले लोक सर्दी-तापासाठी येतात म्हणून गर्दी होते. फुकट केल्यामुळे ती वाढली, म्हणून रात्री येणाऱ्याकडून 500 रुपये घ्या. तालुक्याचे दवाखाने बंद करून डॉक्टर नागपूरला न्या. आणि साप चावला तर आधी दोन तास घरी थांबा, बहुतेक साप बिनविषारीच असतात.

आमच्या घरची दोन माणसं सध्या जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, वावरात झोपतात, म्हणून शेवटचं आधी घेतो.

बहुतेक साप बिनविषारी, हे खरं आहे. पण अंधारात कोणता चावला ते कोण सांगणार? मण्यार झोपेत चावते, फारसं दुखतही नाही. काही तासांनी पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं, मग श्वास अडतो. घोणस चावली तर रक्त गोठेनासं होतं. ते बघायला मोठं यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर सापाच्या विषावरची लस सुरू. पहिला डोस साधारण 10 व्हायलचा, म्हणजे 10 छोट्या बाटल्यांचा, लेकरालाही तेवढाच, कारण साप लेकराला विष कमी सोडत नाही. हे सगळं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यांतली. घरी दोन तास घालवलेला पेशंट व्हेंटिलेटरवर गेला, तर आयसीयूची एक खाट कित्येक दिवस अडते. गर्दी वाढते ती अशी.

सर्दी-तापवाले कॅज्युअल्टीत येतात, हे मान्य. ओपीडी सकाळची, कापूस वेचणीत रोजी बुडवून कोण जाईल? पण गंभीर पेशंट त्यांच्यामुळे अडतो का? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 110 इमर्जन्सी विभागांच्या वर्षभराच्या नोंदी तपासल्या, 2007 मध्ये तो अभ्यास छापून आला. आठ तासांत साधे 10 पेशंट जास्त आले, तर बाकीच्यांना डॉक्टर भेटायला सरासरी दोनच मिनिटं उशीर. आपले दवाखाने कॅनडाचे नाहीत, पण तापाचा माणूस इथेही गोळ्या घेऊन घरीच जातो. स्ट्रेचर अडतं ते भरती झालेल्या, पण वॉर्डात खाट न मिळालेल्या माणसामुळे. आमची काकू भरती होऊनही अख्खी रात्र कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातले डिस्चार्ज झाले तेव्हा खाट मिळाली. तेच डिस्चार्ज सकाळी आठला झाले असते तर? गर्दीवर बोलायचं तर यावर बोला.

फुकटचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासूनचा मोफत उपचाराचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी आहे. नागपूरचं मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं, ती त्या विभागाची नाहीतच. आणि 500 रुपयांच्या धाकानं छातीत कळ आलेला मजूरही सकाळपर्यंत थांबेल.

तालुक्याचे दवाखाने बंद करा म्हणणाऱ्यानं नकाशा पाहावा. सिरोंचा तालुक्याहून जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोलीच दोनशे किलोमीटर आहे, नागपूर तर त्याच्याही पुढे.

साप चावलेल्या माणसाला चालवू नका, हात-पाय हलवू देऊ नका, आवळून बांधू नका, कापू नका, 108 लावा. जागलीवाल्यांच्या फोनमध्ये रात्री गावातून ज्यांची गाडी निघते त्यांचा नंबरही टाकून दिला आहे. मोठेबाबांनी तो मेसेज तीन ग्रुपवर टाकला होता. त्याच तीन ग्रुपवर आता हे त्यांच्याच फोनवरून जात आहे.