कुंडीतली कुत्र्याची छत्री

जुलैत सलग चार दिवस पाऊस कोसळला आणि पाचव्या दिवशी माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत काहीतरी पिवळंधमक दिसलं. वाटलं, लेकीने खडू खोचलेत. चष्मा लावून वाकले, तर छत्र्या! मोजून ५. लिंबाच्या रंगाच्या, डोक्यावर कोंडा झाल्यासारखे बारीक पापुद्रे.

कढीपत्त्याला मी २ वर्षं ताक पाजतेय. त्याला पानं ११.

सासूबाई कुडाळच्या. त्यांनी लांबूनच बजावलं, "ही खावची नाय हां!" मी खायचं नावही काढलं नव्हतं. मग वारुळावरच्या खऱ्या अळंब्यांचं वर्णन सुरू झालं, ते कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत चाललं.

छत्र्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी ९. शेजारणीने दालचिनीची पूड सुचवली. डबा रिकामा केला. बाल्कनीला मसालेभाताचा वास आणि कुंडीत १२.

शेवटी नवऱ्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. हिचं नाव ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी. प्रागच्या एका काचघरात अननसांमध्ये ती बर्नबाउम नावाच्या बागेच्या देखरेख्याला सापडली, म्हणून कोर्डा या शास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचंच नाव दिलं. तेव्हा माझी कुंडी असती तर बुरशीला आमचं आडनाव लागलं असतं. सासूबाईंनी ते खपवून घेतलं नसतं.

पुढची माहिती जास्त कामाची. ही बुरशी झाडाला हात लावत नाही, कोकोपीट आणि शेणखतातलं कुजकं खाते. तिचे धागे मातीभर पसरलेले असतात, छत्री हे नुसतं फळ. म्हणजे इतके दिवस मी आंबे तोडून झाड मारायला निघाले होते. खाल्ली तर मात्र पोट बिघडतं, तेव्हा लेकीला कुंडीबंदी. आणि उपाय काय, तर पाणी कमी घाला, वरची माती वाळू द्या. जुलैत! ठाण्यात! आमच्याकडे मोजे तिसऱ्या दिवशी पंख्याखाली वाळतात.

सोडून दिलं. आता सकाळी चहाआधी सासूबाईच बाल्कनीत जातात. "आज सात," आतपर्यंत ऐकू येतं. दुपारी त्या छत्र्या भिजलेल्या पापडासारख्या मान टाकतात, तेव्हा "गेली बिचारी" असंही पुटपुटतात.

कढीपत्ता कोणी मोजत नाही. १० आहेत. एक काल आमटीत गेलं.