आईची उरलेली दहा मिनिटं

आज संध्याकाळी माझ्या आईचं चालणं एका माणसाने अर्ध्यात थांबवलं. फक्त हसून.

आई ६८ वर्षांची. आम्ही दोघी रोजच्यासारख्या हळूहळू चाललो होतो. समोरून ओळखीतले एक गृहस्थ आले, घामाघूम. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “काकू, हे असं रमतगमत चालून काय होणार? माझी नऊ हजार पावलं झाली आत्ता. दहा हजार झाल्याशिवाय काही उपयोग नसतो.” आणि हसत पुढे गेले. आईसुद्धा हसली. चार पावलांवर मला म्हणाली, “चल गं, घरी जाऊ.” जेमतेम १२ मिनिटं झाली होती. ती रोज २२ चालते.

मी तिथे गप्प बसले. तेच आता मला टोचतंय, म्हणून लिहितेय.

दीड वर्षापूर्वी आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. उठली तेव्हा पाय तिचे राहिले नव्हते. पडून राहिलेल्या माणसाची ताकद किती झपाट्याने जाते, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना मी काय वेगळं सांगू. पलंगापासून दारापर्यंत ११ पावलं आहेत. मी मोजली आहेत. पहिल्या दिवशी ११ जाताना, ११ येताना, एक हात भिंतीला आणि एक माझ्या खांद्यावर. पलंगावर टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, “उद्या परत.” त्या २२ पावलांना कुणी निरुपयोगी म्हणून दाखवावं माझ्यासमोर.

आणि हे दहा हजार आले कुठून? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव मानपो-केइ, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. हा आकडा कुणा डॉक्टरने माणसं तपासून काढलेला नव्हता, तो खप वाढवण्यासाठी निवडलेला आकडा होता. आणि तो आज माझ्या आईच्या तोंडावर फेकला जातो! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरकच पडत नव्हता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते. एका वेळी सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत, ही जुनी अटही तिने २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटंही धरायची. दारापर्यंतची फेरीही धरायची.

जास्त चाललं तर बहुतेकांना जास्त फायदा होतो, हो. नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरत नाही, स्नायूंसाठी ताकदीचे व्यायाम वेगळे करावे लागतात, तेही मान्य. पण ज्याने अजून दारच ओलांडलं नाही त्याला हे ऐकवायचं असतं का?

आईला गुडघ्यांची भीती होती. चाललं की झिजतील, जपून ठेवावेत असं तिला वाटायचं. मीही तसंच समजत होते. पण सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. हालचाल झाली की सांध्यातलं वंगण तिच्यात आत-बाहेर होतं आणि त्यातून तिला पोषण मिळतं. गुडघा नुसता जपून ठेवला की आखडतो. पोटऱ्यांचंही तसंच. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलते. आईच्या पायांवरची सूज चालायला लागल्यावर दोन महिन्यांत उतरली. जेवणानंतरची शतपावली तर मी आता स्वतःही चुकवत नाही, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि ती एकदम चढत नाही. या सगळ्याला दहा हजार लागत नाहीत हो!

ज्यांनी अजून सुरुवात केली नाही त्यांच्यासाठी आईचीच रीत सांगते. पाच मिनिटं, रोज एकाच वेळी. मध्ये बसायला जागा असेल असाच रस्ता. टाचेला न घासणारे बूट. आठवड्याने दोनच मिनिटं वाढवायची, आणि तो आठवडा जड गेला तर तीही नाही. आई दोनदा मागे गेली, तापानंतर परत पाच मिनिटांवर आली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिले काही आठवडे गाणं म्हणता आलं तरी चालेल. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळपाय नीट बघायचे, कारण कमी झालेल्या संवेदनेमुळे जखम झालेली कळत नाही.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला. त्या गृहस्थांनाही कुणीतरी असंच एखाद्या आकड्याच्या मागे लावलं असेल. वाईट हेतू नसावा. रोज नऊ हजार चालतात, कष्टच आहेत ते. पण नाही, तरीही नाही. रस्त्यावर हळू चालणारं माणूस दिसलं तर ते कुठून उठून आलंय हे आपल्याला माहीत नसतं. काही सुचत नसेल तर नुसती मान हलवा आणि पुढे जा. माझी आई त्या मान हलवण्यावर महिनाभर चालली असती.

आत्ता जेवणं झालीत. आतून आवाज येतोय, म्हणून डोकावून आले. आई पलंगापासून दारापर्यंत फेऱ्या घालतेय. म्हणाली, “दहा मिनिटं राहिली होती ना माझी.” भिंतीला हात नाही.

फोन ठेवते. तिच्याबरोबर चालते.