दोन वर्षांची पदविका आणि तळाची बारीक ओळ

सकाळी अकराला फिरलेलं डोकं रात्री साडेदहालाही जागेवर आलेलं नाही. भांडी आपटून झाली, नवऱ्यावर विनाकारण खेकसून झालं. आता तुमच्यावर काढते.

चिरंजीव स्वमग्न (ऑटिस्टिक), सतरा पूर्ण. एनआयओएस या मुक्त शाळेतून एकेक विषय सोडवत दहावी काढली. म्हटलं, आता अठरा व्हायच्या आत हाताला काहीतरी लागू दे, नाहीतर पुढे आहेच दिव्यांगांची कर्मशाळा आणि पणत्या. कुणीतरी सांगितलं, अमुक ठिकाणी विशेष विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांची व्यवसाय प्रशिक्षण पदविका निघाली आहे. माहितीपत्रकात ‘पदविका’ हा शब्द आठ वेळा. मी नाही मोजला, पोराने मोजला.

रॅम्प चढून गेलो. रॅम्प संपतो तिथे दारापर्यंत तीन पायऱ्या. असू दे, आपल्याला सवय आहे. पहिला प्रश्न नेहमीचाच, अपंगत्वाची “टक्केवारी किती?” मुलाचं नाव नंतर. दिव्यांगांचं पिवळं ओळखपत्र काढून दाखवलं. मग मूळ प्रमाणपत्र मागितलं, तर ते ‘तात्पुरतं’ आहे म्हणून नवं आणा. तात्पुरतं! मुदत संपेल त्या तारखेला पोरगं सकाळी उठून स्वमग्न नसेल अशी यांना काय आशा असते देव जाणे.

मग समुपदेशक बाई. मुलगा माझ्या शेजारी उभा, माझ्याहून वीतभर उंच, मिसरूड फुटलेली. बाई माझ्याकडे बघून विचारतात, “हा काय करतो दिवसभर?” तो म्हणाला, “टायपिंग.” बाई परत मलाच, “टायपिंग करतो का हा?” नाही हो, मी पोटातून बोलले.

कोर्सची यादी आली. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली चिकटवणे, पणत्या रंगवणे. याला आवडतो कॉम्प्युटर. मराठी टायपिंग माझ्या तिप्पट वेगाने करतो, चूक दिसली की पान पुढे जाऊ देत नाही. तर म्हणे, “ताई, त्याला झेपेल ते द्या.” झेपेल! हा एक शब्द मला मिरचीसारखा झोंबतो. बालवाडीपासून ऐकतेय. झेपेल का, झेपणार नाही, झेपेल तेवढंच. अरे, एकदा ओझं देऊन तर बघा.

आणि आता मुख्य.

मी म्हटलं, मागच्या तुकडीला काय दिलंत ते एकदा दाखवा. आढेवेढे घेत कपाटातून काढलं. सोनेरी नक्षीची चौकट, दोन सह्या, गोल शिक्का. वर ठसठशीत ‘पदविका’. आणि तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: ‘सदर प्रमाणपत्र हे केवळ सहभागाचे असून नोकरी अथवा पुढील प्रवेशासाठी ग्राह्य धरण्यात येणार नाही.’

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

दोन वर्षं! रोज डबा, रोज रिक्षा, रोज बापाने नाहीतर आईने अर्धी रजा टाकायची. पोराने दोन वर्षं गोंदात हात घालायचे आणि शेवटी काय, तर तो तिथे ‘सहभागी’ झाला होता. सहभागी तर खुर्चीसुद्धा झाली होती ना तिथे दोन वर्षं? तिलाही द्या एक. आणि ते ‘सदर’! फसवणूक करायची असली की आधी सदर लावतात हे मी पूर्वीच ओळखलंय. सदर अर्ज, सदर पाल्य, सदर जिना लिफ्टविना. बरं, ओळ टाकायचीच होती तर वर टाका, जिथे ‘पदविका’ आहे तिथे, त्याच टायपात. तिथे तुमची नक्षी येते मध्ये.

मी विचारलं, मग याचा उपयोग काय? खिडकीतला माणूस अगदी मनापासून म्हणाला, “अहो ताई, मुलांना हातात सर्टिफिकेट मिळालं की बरं वाटतं ना. फोटो काढतात.”

फोटो काढतात.

सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के राखीव. त्यातला १ टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, अध्ययन अक्षम, मानसिक आजार असलेले आणि बहुविकलांग अशा सगळ्यांत मिळून. त्या एका टक्क्याच्या दाराशी उभं राहायलाही कागद लागतो. आणि कागद मागायला गेलं तर हे फोटो देतात. फोटोंचं तर बोलूच नका. दर ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, पाहुणे येतात, पोरांच्या हातात पणती देतात, स्वतः मध्ये उभे राहतात आणि चहा न पिता जातात. आधी अपंग म्हणायचे, मग दिव्यांग झालो, २०२२ मध्ये राज्यात वेगळं खातंही झालं. नाव बदललं, खातं बदललं, पणती तीच. आणि ते नातेवाईक, ‘देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो’ म्हणणारे! पुढच्या वेळी देवाला तुमचा पत्ता देते.

तर तिथे माझा तोल गेला. आवाज चढवला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढला, सरळ टेबलावर हात आपटून म्हटलं, “कलम सतरा वाचा! बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न मुलांचं प्रशिक्षण बाजाराशी जोडलेलं असलं पाहिजे, असं लिहिलंय त्यात!” सगळी रांग गप्प. खिडकीतला माणूस गप्प. आणि मागून शांतपणे,

“आई, एकोणीस.”

रांग हसली. तोही हसला. कलम १९च आहे ते. १७ मध्येही शिक्षणाचंच आहे काहीतरी, त्यामुळे अगदीच नाक कापलं गेलं नाही, अशी मी रिक्षात स्वतःची समजूत घातली. पण हात आपटला तेव्हा मनगट दुखावलं ते अजून दुखतंय.

आणि खरं सांगू? घरी येऊन अर्ज परत उघडला तर तो सगळा माझ्या अक्षरात. ‘विद्यार्थ्याची आवड’ या रकान्यातसुद्धा मीच लिहिलेलं, त्याला न विचारता. समुपदेशक बाईंना मी उगाच एवढं बोलले असं नाही हं, त्या बोलण्यालायकच होत्या. पण पेन माझ्याच हातात होतं. माळ्यावर त्याच्या शाळेतल्या कागदी पिशव्यांचा गठ्ठाही आहे, एकही वापरलेली नाही, टाकवतही नाही. आणि मी निघालेय बाजाराशी जोडायला.

अर्ज फाडला. त्याला कोरा दिला. आवडीच्या रकान्यात त्याने लिहिलं, ‘टायपिंग. चुका शोधणे.’ मग माहितीपत्रक घेऊन बसला आणि लाल पेनाने अकरा चुका काढल्या. ‘पदविका’ची वेलांटी दोन ठिकाणी दीर्घ आहे म्हणे.

उद्या परत जायचंय. झेरॉक्सच्या दोन प्रती सांगितल्यात, पाच नेते. लाल पेनवालं माहितीपत्रक सगळ्यात वर ठेवलंय.